ब्लेडमागची पट्टी काढू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लाकूडकामाच्या लहान कारखान्यांवर आलेला लेख मी आणि माझ्याकडच्या दोन्ही कारागिरांनी एकत्र बसून वाचला. आमच्या धंद्याला वर्तमानपत्रात एवढी जागा क्वचित मिळते. त्याबद्दल लेखकाचे आणि आपले मनापासून आभार. पण दोन गोष्टींबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिली अशी, की लाकूडकामाची युरोपीय यंत्रे मुळात मोठ्या कारखान्यांसाठीच असतात आणि लहान माणूस ती हौसेपोटी घेतो, असा लेखाचा सूर आहे. तो बरोबर नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. लेखासोबतच्या मोठ्या छायाचित्रात स्लायडिंग टेबल सॉ, म्हणजे सरकत्या टेबलाची करवत आहे. तिचे ब्लेड पूर्ण वर काढलेले आहे, त्याच्यावर झाकण नाही आणि मागे रिव्हिंग नाइफ, म्हणजे ब्लेडमागची पोलादी पट्टी नाही. शेजारचा तरुण कारागीर फळीवर तळहात ठेवून नेमका ब्लेडच्या रेषेत उभा आहे. मजकुरात मात्र त्याच यंत्राच्या अचूकतेचे कौतुक आहे.

पहिल्या मुद्द्याचे आधी सांगतो. १९०६ मध्ये बर्लिनमध्ये विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी सरकत्या टेबलाची करवत तयार केली. फळीची कड एका फेरीत सरळ आणि गुण्यात, म्हणजे काटकोनात मिळावी, हा तिचा हेतू होता, आणि ही गरज फर्निचर करणाऱ्या प्रत्येक माणसाची आहे, त्याच्याकडे तीन माणसे असोत की तीनशे. इटलीत रिमिनीच्या एससीएम कंपनीने १९५२ मध्ये लाकूडकामाचे पहिले यंत्र काढले, तेच मुळी एकत्रित यंत्र होते. एका सांगाड्यावर अनेक कामे. ऑस्ट्रियातल्या हॉल इन तिरोलमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या फेल्डर कंपनीचे नावही अशा एकत्रित यंत्रांमुळेच झाले. ज्याच्याकडे जागा थोडी, माणसे थोडी आणि कामे सतरा प्रकारची, असा माणूस डोळ्यांसमोर ठेवूनच ही यंत्रे घडली. मोठ्या कारखान्यात एक यंत्र वर्षभर एकच काम करते. आमच्याकडे त्याच सॉवर सकाळी दरवाजाच्या चौकटीचे लाकूड चिरले जाते आणि दुपारी प्री-लॅम (आधीच लॅमिनेट लावलेला) बोर्ड कापला जातो.

आमच्याकडे तीन यंत्रे आहेत. सॉ आल्टेनडॉर्फची, जुनी. माझ्याकडे येण्याआधी तिने दुसऱ्या एका कारखान्यात बरीच वर्षे काढलेली. रंधा फेल्डरचा, ४१० मिलिमीटर रुंदीचा, वरून फळी सरळ करणारा आणि खालून जाडी काढणारा. उभ्या फिरत्या कटरने लाकडाला आकार देणारा स्पिंडल मोल्डर एससीएमचा. या तिन्हींवर रोज काम करताना एक गोष्ट मनात पक्की बसली आहे आणि हे पत्र तिच्यासाठीच आहे. या यंत्रांत अचूकता आणि सुरक्षा अशी दोन वेगळी खाती नाहीत. ज्या भागामुळे कट स्वच्छ येतो, त्याच भागामुळे बोटे वाचतात. सुरक्षेचा म्हणून जो भाग काढून ठेवाल, त्याच्याबरोबर कामाचा दर्जाही काढून ठेवता.

सॉची सरकती गाडी, म्हणजे ते सरकते टेबल, बघा. साध्या टेबल सॉवर फळी तुम्ही हाताने ढकलता आणि हात फळीबरोबर ब्लेडकडे जातो. इथे फळी गाडीवर बसते, क्लॅम्पने धरली जाते आणि गाडी तिला ब्लेडच्या शेजारून नेते. फळी वळत नाही, म्हणून कड सरळ येते. हात गाडीवर, ब्लेडपासून लांब राहतात, आणि माणूस गाडीच्या बाजूला, म्हणजे ब्लेडच्या डावीकडे उभा राहतो. लाकूड मागे फेकले गेलेच, तर ते ज्या रेषेत येईल तिथे तो नसतो. छायाचित्रातल्या कारागिराला या जागेवर कोणी उभेच केलेले नाही.

अचूकतेचे बोलायचे तर ती यंत्राबरोबर खोक्यातून येत नाही. ती तपासावी लागते. आमच्याकडे ब्लेड बदलले किंवा गाडीचा आडवा फेन्स, म्हणजे फळी टेकवायचा सरळ आधार, काढून परत बसवला की पाच कटांची चाचणी होते. साधारण ८०० मिलिमीटर चौरस बोर्ड घ्यायचा. एक कड कापायची, बोर्ड फिरवून ती कापलेली कड फेन्सला लावायची, पुढची कापायची, अशा चारही कडा. मग पहिल्या कडेवरून पुन्हा एक बोटभर पट्टी काढायची. त्या पट्टीच्या दोन्ही टोकांची जाडी व्हर्नियरने मोजायची. फेन्स गुण्यात नसेल तर चूक प्रत्येक कटात साठत गेलेली असते, म्हणून फरकाला चारने भागायचे. एका टोकाला ०.४ मिलिमीटर जास्त भरले, तर फेन्स ८०० मिलिमीटरला ०.१ ने हललेला आहे. हातातला गुण्या ही चूक दाखवू शकत नाही. पाचवी पट्टी दाखवते. माझ्याकडचा धाकटा कारागीर आता हे न सांगता करतो आणि पट्टीवर पेन्सिलीने आकडा लिहून ती भिंतीला लावून ठेवतो.

आणखी एक बारीक गोष्ट. गाडी ब्लेडला तंतोतंत समांतर लावायची नसते. ब्लेडच्या मागच्या दातांपाशी ती ०.०५ ते ०.१ मिलिमीटरने मोकळी ठेवतात, म्हणजे पुढच्या दातांनी कापलेली कड मागचे दात पुन्हा ओरबाडत नाहीत. बोर्डाच्या कडेला कमानीसारख्या रेघा दिसत असतील तर आधी हे तपासावे. ब्लेडच्या धारेला उगीच दोष दिला जातो. प्री-लॅम बोर्डासाठी मुख्य ब्लेडच्या पुढे छोटे स्कोअरिंग ब्लेड असते, साधारण १२० मिलिमीटरचे. ते उलट दिशेने फिरून खालच्या थराला दीड-दोन मिलिमीटर चीर देते, त्यामुळे मुख्य ब्लेड खाली उतरताना लॅमिनेट उडवत नाही. त्याची रुंदी मुख्य ब्लेडशी जुळली नाही तर कडेला पायरी पडते. लोक हे एवढे सगळे जुळवतात, त्यासाठी तासभर घालवतात, आणि मागची पट्टी मात्र कपाटात टाकतात.

ती पट्टी म्हणजे रिव्हिंग नाइफ. ब्लेडच्या मागे, त्याच्याच गोलाईची, ब्लेडबरोबर वर-खाली होणारी पोलादी पात. ब्लेडचे पुढचे दात लाकूड खाली टेबलावर दाबत कापतात. मागचे दात खालून वर येत असतात. फळीत सुकताना राहिलेला ताण असतो. चिरली की ती कधी उघडते, कधी मिटते. मिटली की ब्लेड मागच्या बाजूने चिमटले जाते आणि वर येणारे दात फळी उचलून माणसाच्या दिशेने भिरकावतात. ३१५ मिलिमीटरचे ब्लेड मिनिटाला ४००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर दाताचा वेग सेकंदाला ६६ मीटर होतो, म्हणजे ताशी सुमारे २३७ किलोमीटर. त्या वेगाला माणसाची चपळाई पुरी पडत नाही. रिव्हिंग नाइफ चीर मिटू देत नाही, बस एवढेच तिचे काम. चीर मिटत नाही म्हणून फळी फेकली जात नाही, आणि चीर मिटत नाही म्हणूनच कडेला काळे डागही पडत नाहीत.

एका परिचिताच्या कारखान्यात झालेला अपघात मी अगदी जवळून पाहिला आहे. सागाची फळी लांबीत चिरायची होती. रिव्हिंग नाइफ काढलेली होती, 'मध्ये येते' म्हणून. कट अर्ध्याच्या पुढे गेला, आवाज बदलला, ब्लेड कण्हल्यासारखे झाले, आणि फळी मागे सुटली. ती कोणाला लागली नाही, भिंतीवर आदळली. पण कारागिराचा डावा हात त्या फळीवर टेकलेला होता, आणि आधार निघून गेल्यावर तो ज्या दिशेने जोर देत होता त्याच दिशेने गेला. दोन बोटांची टोके गेली. तो उत्तम कारागीर होता, निष्काळजी नव्हता. किकबॅक, म्हणजे लाकूड असे मागे फेकले जाणे, म्हटले की लोक उडणाऱ्या फळीलाच घाबरतात. खरा घात फळी हाताखालून निघून गेल्यानंतर होतो, हे मला त्या दिवशी दिसले, आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला मी हे सांगत आलो आहे.

लोक ही पट्टी का काढतात, हेही समजून घेतले पाहिजे, नुसते रागावून भागत नाही. बहुतेक वेळा कारण साधे असते: ब्लेड बदलले आणि पट्टी तीच राहिली. ब्लेडवर आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ३१५ × ३.२/२.२ × ३०. पहिला आकडा व्यास, ३.२ ही दातांची रुंदी म्हणजे चिरेची रुंदी, २.२ ही ब्लेडच्या अंगाची जाडी, आणि ३० हे मधल्या भोकाचे माप. रिव्हिंग नाइफ ब्लेडच्या अंगापेक्षा जाड आणि चिरेपेक्षा पातळ हवी. या ब्लेडला २.८ ची पट्टी नीट चालते. आता कोणी पातळ चिरेचे, २.६ चे ब्लेड आणून बसवले, तर लाकूड त्याच २.८ च्या पट्टीला जाऊन अडकणार. मग पट्टीलाच दोषी ठरवून ती काढली जाते. पट्टीवरही तिची जाडी आणि तिला चालणाऱ्या ब्लेडची मापे कोरलेली असतात. वाचायला क्षणभर पुरतो. ब्लेडच्या दातांपासून तिचे अंतर ३ ते ८ मिलिमीटरमध्ये ठेवावे. लहान व्यासाचे ब्लेड लावले की हे अंतर वाढते, म्हणून पट्टी पुढे सरकवून पुन्हा कसावी लागते.

दुसरे कारण खाचेचे. आरपार न जाणारी खाच मारायची तर पट्टी आड येते, असे सांगतात. युरोपीय सॉवर पट्टीचे टोक ब्लेडच्या माथ्यापेक्षा किंचित खाली ठेवता येते. वरचे झाकण तेवढ्यापुरते बाजूला घेतले तरी पट्टी जागेवरच राहते आणि खाच मारता येते. रुंद खाचेसाठी आम्ही सॉ वापरतच नाही, ते काम स्पिंडलवर ग्रूव्हिंग कटर लावून होते. या सॉंचा शाफ्ट दोन-तीन ब्लेडांची चवड बसेल इतका लांब ठेवलेला नसतो, त्यामागेही विचार आहे.

याच ओघात फेन्सची एक गोष्ट सांगतो, कारण ती माहीत नसलेले अनुभवी लोकही मला भेटले आहेत. युरोपीय सॉचा समांतर फेन्स पुढे-मागे सरकतो. बोर्ड कापताना तो पूर्ण पुढे, ब्लेडच्या पलीकडेपर्यंत न्यावा, कारण बोर्डात ताण नसतो आणि त्याला शेवटपर्यंत आधार हवा. अखंड लाकूड चिरताना मात्र तो आपल्याकडे मागे ओढून घ्यायचा, इतका की त्याचे पुढचे टोक ब्लेडच्या मध्याच्या आसपास संपेल. म्हणजे चिरलेला तुकडा उघडला तर त्याला बाजूला जायला जागा मिळते. फेन्स आणि ब्लेड यांच्यात तो अडकत नाही. अरुंद पट्ट्या काढताना फेन्सची ॲल्युमिनियमची पट्टी आडवी, बुटक्या बाजूने लावायची, त्यामुळे झाकणाला आणि ढकलकाठीला वाव मिळतो. फेन्सची ही रचना उगाच खर्च करून केलेली नाही. पण फेन्स एकदा पुढे करून कायमचा कसून टाकलेला मी कित्येक ठिकाणी पाहिला आहे.

लहान तुकड्यांसाठी जर्मन कारखान्यांत 'फ्रिट्झ आणि फ्रान्झ' नावाची जोडी वापरतात. प्लायचे दोन ठोकळे. एक गाडीच्या खाचेत पुढे बसतो, दुसरा मागे, त्याला मूठ असते आणि तोही त्याच खाचेत सरकतो. दोन्हींच्या आतल्या कडांना पॉलिश पेपर चिकटवलेला. वीतभर लांबीचा तुकडाही या दोघांच्या मध्ये दाबून धरला की गाडी पुढे ढकलायची. दोन्ही हात मागच्या ठोकळ्यावर, ब्लेडपासून दूर. उरलेल्या प्लायमध्ये आम्ही ही जोडी केली, आणि तेव्हापासून लहान तुकडा बोटांनी धरून कापणे आमच्याकडे बंद झाले. यासाठी नवे यंत्र लागत नाही, कुठल्याही सरकत्या गाडीवर ही जोडी चालते.

रंध्याबद्दल थोडक्यात. आमच्या रंध्यावर पुलासारखे झाकण आहे. स्वित्झर्लंडच्या 'सुवा' या अपघात विमा संस्थेच्या नावाने ते ओळखले जाते. फळीची रुंद बाजू रंधताना ते फळीच्या जाडीइतके वर घ्यायचे. फळी त्याच्या खालून जाते आणि हात त्याच्या वरून. कड रंधताना ते बाजूने मागे घ्यायचे, फळीच्या जाडीएवढाच कटर उघडा राहतो. सुरुवातीला कारागीर कुरकुरतात, कारण हात उचलून पलीकडे ठेवायची सवय लावावी लागते. आठवडाभर गेला की उघड्या रंध्यावर त्यांनाच हात ठेववत नाही.

स्पिंडल मोल्डरला आमच्या धंद्यात सगळेच वचकून असतात आणि ते योग्यच आहे. इथे कटर उघड्यावर फिरतो आणि लाकूड थेट त्याच्या अंगावर न्यावे लागते. पूर्वी शाफ्टवरच्या कॉलरच्या खाचेत घासून तयार केलेली लांब पाती बसवत. पाते जितके बाहेर, तितका मोठा घास आणि लाकडाला तितका जोराचा हिसका. आता युरोपीय नियमांनुसार हाताने लाकूड पुढे ढकलायचे असेल, तर कटरला घास मर्यादित करणारा भाग असावा लागतो आणि धार त्याच्या बाहेर १.१ मिलिमीटरपेक्षा जास्त येता कामा नये. अशा कटरवर रोमन लिपीत 'मॅन' कोरलेले असते. ज्याच्यावर 'मेक' कोरलेले आहे, तो फक्त फीडर, म्हणजे लाकूड आपोआप पुढे नेणारे साधन, लावून चालवायचा. त्याच्याशेजारी कमाल वेगाचा आकडा असतो. तो ओलांडायचा नाही हे सगळ्यांना कळते. वेग फार कमी असणेही धोक्याचे, हे फार थोड्यांना. धारेचा वेग साधारण सेकंदाला ४० ते ७० मीटरमध्ये हवा. १२५ मिलिमीटरचा कटर ६००० फेऱ्यांवर जेमतेम ३९ मीटर देतो. म्हणून भीतीपोटी वेग उतरवणारा माणूस स्वतःला जास्त सुरक्षित करत नसतो. प्रत्येक दाताचा घास वाढतो आणि हिसक्याची शक्यताही. आमच्याकडे स्पिंडलवर जवळजवळ सगळे काम फीडरने होते. फीडर लाकूड एकसारख्या वेगाने नेतो, म्हणून त्यावर हाताच्या थांबण्याचे डाग पडत नाहीत.

ब्रेकबद्दलही लिहायला हवे. आजच्या युरोपीय सॉचे ब्लेड बटण दाबल्यावर १० सेकंदांच्या आत थांबते. ब्रेक नसलेल्या जुन्या यंत्राचे ब्लेड बराच वेळ फिरत राहते, आणि मोटारीचा आवाज बंद झालेला असल्याने कारखान्याच्या गोंगाटात ते फिरते आहे हे लक्षात येत नाही. कापलेला तुकडा उचलायला हात नेमका तेव्हाच पुढे जातो. युरोपात १९९५ पासून नव्या यंत्रांवर सीई चिन्ह, म्हणजे युरोपीय सुरक्षा नियमांत बसल्याची खूण, बंधनकारक झाले. त्याआधीच्या बऱ्याच यंत्रांना ब्रेक नसतो. आमच्या सॉलाही नव्हता. आम्ही जाणकार इलेक्ट्रिशियनकडून मोटारीला इलेक्ट्रॉनिक ब्रेक बसवून घेतला. त्याच वेळी स्टार्टरही असा घेतला, की वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होत नाही, पुन्हा बटण दाबावे लागते. माझ्या मते जुन्या यंत्रावरचा हा सर्वांत सार्थकी लागलेला खर्च. बाकी त्या बिडाच्या सांगाड्याला काय होणार आहे? बेअरिंगवर नंबर असतो, तो सांगितला की बेअरिंग मिळते, बेल्टचेही तेच.

भुशाचे बहुतेकांना फारसे वाटत नाही, कारण त्याने रक्त निघत नाही. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणारी आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये जाहीर केलेले आहे. आमच्या यंत्रांवर भुसा ओढायची १२० मिलिमीटरची तोंडे आहेत. पाइपात हवेचा वेग सेकंदाला २० मीटर हवा, म्हणजे त्या तोंडातून तासाला सुमारे ८१५ घनमीटर हवा ओढली गेली पाहिजे. तोंड अर्धे करून बारीक पाइप लावला की जड ढलप्या वाटेतच बसतात आणि बारीक धूळ माणसाच्या छातीत जाते. वरचे झाकण इथेही दोन कामे करते: ब्लेड झाकते आणि वरून उडणारी धूळ ओढते. ते काढले की दोन्ही गेले.

लेखात हात ओळखणाऱ्या नव्या यंत्रांचा उल्लेख आहे. फेल्डरने २०१९ मध्ये हॅनोव्हरच्या लिग्ना प्रदर्शनात दाखवलेल्या प्रणालीत हात ब्लेडकडे येऊ लागला की ते क्षणार्धात टेबलाखाली जाते. आल्टेनडॉर्फची प्रणाली कॅमेऱ्यांनी हातावर लक्ष ठेवते. हे काम मोठे आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण लहान कारखानदाराने हे वाचून 'आपल्याला हे कधी परवडणार' म्हणत हात टेकू नयेत. हात ब्लेडपाशी आल्यानंतर काय करायचे, हा प्रश्न त्या प्रणाली सोडवतात. गाडी, क्लॅम्प, ढकलकाठी, झाकण आणि रिव्हिंग नाइफ यांनी हात तिथवर येतच नाही आणि लाकूड उसळत नाही. या सगळ्या वस्तू यंत्राबरोबर आलेल्या असतात किंवा उरलेल्या प्लायमध्ये होतात.

जर्मनीत सुतारकाम शिकणाऱ्या मुलांना तीन वर्षांच्या प्रशिक्षणात यंत्रांचे वेगळे वर्ग करावेच लागतात. फेन्स कधी मागे घ्यायचा, पट्टी किती अंतरावर कसायची, हे तिथे हातात धरून शिकवतात. यंत्र दुसऱ्या देशात जाते तेव्हा तो वर्ग त्याच्याबरोबर जात नाही. मग शिकण्याचे साधन उरते ते एकमेकांचे बघणे आणि छापून आलेली छायाचित्रे. म्हणून आपल्याला आग्रहाची विनंती आहे, की यंत्रांवरचा मजकूर छापताना तो कोणा जाणत्या कारागिराच्या नजरेखालून घालावा. वीस वर्षांचा मुलगा असे छायाचित्र मोबाइलमध्ये जपून ठेवतो आणि यंत्र तसेच असते असे समजतो.

आणि तो लेख वाचून जे वापरलेले युरोपीय यंत्र बघायला निघतील, त्यांना कळकळीचे सांगणे. रंग बघू नका. गाडी हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू सरकवा. कुठे अडखळते का, ते तळहाताला कळते. ब्लेड काढून शाफ्ट फिरवा, बेअरिंगचा आवाज ऐका. टेबलावर सरळपट्टी ठेवा. मग विकणाऱ्याकडे रिव्हिंग नाइफ, वरचे झाकण आणि रंध्याचा पूल मागा. बहुतेक वेळा ते एखाद्या खोक्यात धूळ खात पडलेले असतात आणि मागितल्याशिवाय कोणी देत नाही. नसतील तर यंत्राच्या पाटीवरचा मॉडेल आणि अनुक्रमांक उतरवून घ्या आणि कंपनीकडे ते भाग मिळतात का, ते सौदा होण्याआधी विचारा. मिळत नसतील तर ते यंत्र घेऊ नका, कितीही चांगले दिसत असले तरी.

आपला विश्वासू,
एक लाकूडकाम व्यावसायिक